आठ मिनिटं पुढचं घड्याळ

तिला सगळे मिनिटबाई म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर 'सिस्टर'. प्रसूतिगृहातली नोकरी संपून बारा वर्षं झाली तरी भाजीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या पोरांपर्यंत सगळ्यांची ती सिस्टरच होती. मिनिटबाई हे नाव तिनं स्वतःच्या कर्मानं कमावलेलं. अंडं उकडायला टाकलं की किती मिनिटं, पाहुणा आला की किती मिनिटं बसणार, शेजारचे आजोबा गेले तेव्हा रडणाऱ्या घरात शिरून तिनं पहिला प्रश्न विचारला तो, 'किती वाजून किती मिनिटांनी?' लोकांना राग आला. पण दाखल्यासाठी तेच विचारलं गेलं तेव्हा घरात फक्त तिलाच ते ठाऊक होतं.

चौतीस वर्षं तिनं एकाच ठिकाणी काढली. दुमजली इमारत, अकरा खाटा, एक लेबर रूम, आणि त्या खोलीच्या दारावर एक गोल पांढरं घड्याळ. ते घड्याळ आठ मिनिटं पुढे होतं. चुकून नव्हे, मुद्दाम. कामावरच्या आया उशिरा येतात म्हणून डॉक्टरबाईंनी ते पुढे लावून ठेवलं होतं. आठवड्याभरात आयांना ते कळलं आणि त्या आठ मिनिटं धरून पूर्वीइतक्याच उशिरा यायला लागल्या. घड्याळ मात्र पुढे गेलं ते गेलंच.

नोकरीच्या पहिल्या महिन्यात तिनं एकदा स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून रजिस्टरात वेळ लिहिली, तर तेव्हाच्या मोठ्या सिस्टरनं तिला फैलावर घेतलं. "भिंतीवर दिसतं ते लिहायचं. एका खोलीत दोन वेळा व्हायला लागल्या तर निस्तरणार कोण, तू?" त्यानंतर तिनं मुकाट्यानं भिंतीवरचं लिहिलं. अशा रीतीनं त्या खोलीत जन्मलेलं प्रत्येक मूल कागदावर आठ मिनिटं उशिरा जन्मलं. तसं बघितलं तर कुणाचं काय बिघडत होतं? लस टोचायला, शाळेत घालायला मिनिटं लागत नाहीत. मिनिटं लागतात ती फक्त ज्योतिष्याला.

आणि ज्योतिषी तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच राहत होता. पन्नाशीचा, शांत, सतत नाक ओढणारा माणूस. एका खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर आणि दोन खुर्च्या. येणाऱ्या दहांतल्या आठांचा प्रश्न एकच असायचा, पैसा कधी येणार. मग तो कुंडलीतलं दुसरं घर दाखवायचा, ते धनस्थान. अकरावं दाखवायचा, ते लाभस्थान. बारावं दाखवताना त्याचा आवाज खाली यायचा, कारण ते व्ययस्थान, तिथून पैसा जातो. माणूस प्रामाणिक होता. वेळेची खात्री नसली की सरळ सांगायचा, "सिस्टरना विचारून या, मग बोलू." प्रसूतिगृह विकून तिथं सोफ्याचं दुकान झालं होतं आणि जुनी रजिस्टरं गच्चीत भिजून लगदा झाली होती. पण मिनिटबाईनं आपल्या खिशातल्या छोट्या वह्या जपून ठेवल्या होत्या. आईचं नाव, मुलगा की मुलगी, वजन, वेळ. विचारायला आलेल्याला ती वहीत असेल ते वाचून दाखवायची. आठ मिनिटांचं तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

एकदाच तिनं ती आठ मिनिटं वजा केली होती, आणि त्याचा काटा तिच्या मनात अजून सलत होता.

तिची स्वतःची मुलगी त्याच खोलीत झाली. समोर घड्याळात दुपारचे तीन वीस. बाई कळांनी अर्धमेली झालेली, तरी डोकं ठिकाणावर. रजिस्टर लिहिणाऱ्या पोरीला ती म्हणाली, "तीन बारा लिही." स्वतःच्या मुलीची तरी खरी वेळ पडावी, एवढंच तिच्या मनात होतं. त्या खऱ्या वेळेवर नवऱ्यानं कुंडली करून आणली, तर निघालं काय? धनेश व्ययात. म्हणजे धनस्थानाचा मालकच बाराव्या घरात जाऊन बसलेला. हिच्या हातात पैसा टिकणार नाही.

नवरा वाईट नव्हता. मुलीला तापात मांडीवर घेऊन बसणारा बाप होता तो. पण कागदावर छापलेल्या गोष्टीपुढे त्याचं काही चालत नसे. मुलीला फार्मसीला जायचं होतं, मार्कही होते, फी मात्र भरमसाट. तो म्हणाला, "गळक्या बादलीत कशाला ओतायचं? त्यापेक्षा साधं काहीतरी शिकू दे." मुलगी साधं काहीतरी शिकली. आज एकेचाळिसाव्या वर्षी ती दातांच्या दवाखान्यात फोन उचलते, वेळा देते, भाड्याच्या घरात राहते. बापाबद्दल कधी वावगं बोलत नाही. ज्योतिष वगैरे मी मानत नाही, असं ठणकावून सांगते. फक्त गॅस संपला, चप्पल तुटली, घरमालकानं भाडं वाढवलं, की हसत म्हणते, "आपलं सगळं व्ययात आहे ना, आई." हे हसणं मिनिटबाईला सहन होत नसे.

नवरा गेल्यावर एकदा ती कोपऱ्यावरच्या ज्योतिष्याकडे गेली आणि ओळखीतल्या एका मुलीची म्हणून तीन वीसची कुंडली काढून घेतली. लग्नच, म्हणजे कुंडलीतलं पहिलं घरच, बदललं होतं. आधी जो ग्रह बाराव्यात होता तो अकराव्यात आला होता, लाभात. ज्योतिषी खूश होऊन म्हणाला, "छानच आहे की! काय करते मुलगी?" ती म्हणाली, "फोन उचलते." तो कागद तिनं वहीत घालून ठेवला. ज्योतिषावर तिचा विश्वास होता का? विचारलं तर म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं." पण मुलीचं जे झालं ते ग्रहांनी केलं की बापानं, हा विचार करायचं तिनं सोडून दिलं होतं. तिच्यापुरतं एवढंच खरं होतं, की त्या दिवशी आपण गप्प बसलो असतो तर पोरगी फार्मसीला गेली असती.

तर अशा बाईच्या वरच्या मजल्यावर लिफ्टवाला राहायला होता. लिफ्टच्या कंपनीत चौदा वर्षं मेकॅनिक. इमारतीची लिफ्ट अडकली की जेवणाच्या ताटावरून उठून जाणारा आणि पैसे विचारले की लाजणारा. त्याचा जन्म मिनिटबाईच्याच हातचा. त्याच्या कुंडलीत म्हणे असा योग होता, की धनेश लाभात आणि लाभेश धनात, दोघं एकमेकांच्या घरात. आणि एकोणचाळिसाव्या वर्षी शनीची दशा लागली की स्वतःच्या धंद्यात पैसाच पैसा. एकोणचाळिसावं लागलं होतं. तो कंपनी सोडून स्वतःचं लिफ्टदुरुस्तीचं काम काढायला निघाला होता आणि फंडाची रक्कम त्यात घालणार होता. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. महिनाभर वरून भांडणाचे आवाज खाली येत होते.

शेवटी ज्योतिष्यानंच खोडा घातला. "लग्न अगदी काठावर आहे," तो म्हणाला. "दहा बाराला मकर. पाच मिनिटं जरी अलीकडे गेली तरी धनू, आणि मग सगळं चित्र पालटतं. एवढी उडी मारताय, तर आधी वेळ पक्की करा." रविवारी लिफ्टवाला सिस्टरकडे येणार, असं ठरलं.

त्याच्या आधी, गुरुवारी दुपारी, त्याची बायको आली. मिनिटबाईच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती ती घट्ट करून आणली होती, हे निमित्त. बसली, आणि चष्मा देण्याऐवजी फडक्यानं पुसत राहिली.

"सिस्टर, रविवारी हे वेळ विचारायला येतील."

"ठाऊक आहे. दहा वाजून बारा मिनिटं. वहीत आहे माझ्या."

"तेच सांगू नका." तिनं मान वर केली. "दहा सहा सांगा, दहा पाच सांगा. वहीतलं पुसट झालंय म्हणा. माझ्यासाठी एवढं खोटं बोला. चौदा वर्षांची नोकरी आहे हो, घरात दोन पोरं आहेत. त्या नोकरीवर लाथ मारायला निघालाय हा माणूस."

आता मिनिटबाईनं 'बघू' म्हणून विषय मिटवायचा होता. पण वेळेच्या बाबतीत खोटं बोला, हे शब्द ऐकून चौतीस वर्षांची नोकरी तिच्या अंगात उसळली. "खोटं बोलायची गरजच नाही," ती फणकाऱ्यानं म्हणाली, आणि जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं सांगून टाकलं. घड्याळ, आया, डॉक्टरबाई, आठ मिनिटं. "तुझा नवरा दहा वाजून चार मिनिटांनी जन्मला. हे खरं आहे. बिनधास्त सांगते त्याला."

बाईचा जीव भांड्यात पडेल असं तिला वाटलं होतं. पण चष्मा पुसणारा हात थांबला.

"खरंच?"

"खरंच."

"म्हणजे... ते नाहीचे?"

"काय नाहीये?"

"पैसे," लिफ्टवाल्याची बायको म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, एकोणचाळिसाव्यानंतर तुला काही कमी पडणार नाही. मी चेष्टा करायचे त्यांची. पण अकरा वर्षं, सिस्टर, दर वेळी मनात हेच म्हटलंय. धाकट्याचं ऑपरेशन झालं तेव्हा. माझ्या बांगड्या मोडल्या तेव्हा. म्हटलं, थोडी कळ काढ, येणार आहेत. मी भांडत होते ते पैसे येणारच आहेत म्हणून भांडत होते. घाई कशाला, एवढंच म्हणणं होतं माझं. नाहीच येणार, असं कधी आलंच नाही हो मनात."

तिला रडू फुटलं. मिनिटबाईनं उठून पाणी दिलं. ओल्या बाळंतिणींना दिलं असेल तितक्याच हळुवारपणे दिलं, आणि जीभ चावायची ती आता चावली.

पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "नका सांगू त्यांना."

"मग नोकरी सोडेल तो."

"सोडू दे. हात चांगला आहे त्यांचा, दोन सोसायट्यांनी होसुद्धा म्हटलंय. पण आपल्या नशिबात हे नव्हतंच असं कळलं ना, तर खचतील ते. नोकरीवर जातील, पण लिफ्टच्या खड्ड्यात उतरल्यावर डोक्यात दुसरं काही येणार नाही त्यांच्या." मग ती आणखी खालच्या आवाजात म्हणाली, "आणि मी ऐकलं, हेही सांगू नका."

तीन दिवस मिनिटबाईला धड झोप लागली नाही. दहा बारा म्हटलं तर एका चुकीच्या घड्याळाच्या भरवशावर दोन पोरांच्या बापाचा फंड पाण्यात जायचा. दहा चार म्हटलं तर ती पुन्हा एकदा खऱ्या वेळेसाठी कुणाच्या तरी तोंडचा घास काढून घेणार होती. एकदा काढून घेतलेला अजून तिच्याच घशात अडकला होता.

रविवारी सकाळी लिफ्टवाला आला. इस्त्रीचा शर्ट, ओले केस नीट बसवलेले. मागे बायको, नजर फरशीवर. मिनिटबाईनं वही काढली, चष्मा लावला, पान उलटलं.

"दहा वाजून बारा मिनिटं. मुलगा. वजन तीन किलो."

त्यानं श्वास सोडला, पण उठला नाही. यंत्रांचा माणूस, एकदा बघून समाधान होणारा नव्हे. "सिस्टर, घड्याळ बरोबर होतं ना?"

मिनिटबाई म्हणाली, "आमच्या डॉक्टरबाई घड्याळाच्या बाबतीत फार कडक होत्या."

"तसं नाही. अगदी बरोबर होतं?"

त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. चौतीस वर्षांत मिनिटबाई वेळेबद्दल कुणाशीही थेट खोटं बोलली नव्हती. रजिस्टरात लिहिलं ते भिंतीवरचं होतं, वहीत उतरवलं ते रजिस्टरातलं.

"अगदी बरोबर होतं," ती म्हणाली. "मी होते ना तिथं."

तो हसला. जाताना म्हणाला, लिफ्टचं दार घासतंय, उद्या बघून देतो. त्याच्या बायकोनं उंबऱ्यावर थांबून एकदा मागं बघितलं आणि ती त्याच्या मागोमाग जिना चढली. मिनिटबाईनं वहीतला तो घडी घातलेला कागद काढला आणि मुलीला फोन लावला.

"जेवलीस का?" मुलीनं विचारलं. मागे मिक्सर चालू होता.

"ऐक. तुझी जन्मवेळ तीन बारा नाहीये. तीन वीस आहे. घड्याळ बरोबर होतं. मला कळा येत होत्या, माझीच वजाबाकी चुकली."

"आई, तुझी? मिनिटांची?" मुलगी खळखळून हसली. "आणि मी कुठे मानते ते?"

"माहीत आहे. तरी सांगून ठेवते."

मिक्सर बंद झाला.

"थांब," मुलगी म्हणाली. "पेन घेते."