चांथी आजीच्या दारातली शांत जागा

चांथी आजीने उभ्या आयुष्यात परक्या लोकांना एकदाच सल्ला दिला, आणि आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला.

लुआंग प्रबांग शहरातल्या तिच्या गल्लीतून रोज पहाटे भिक्खूंची रांग जायची. आजी दारात चटईवर गुडघे टेकून बसायची आणि प्रत्येक पात्रात चिकट भाताचा एकेक घास ठेवायची. मग तांब्यातलं पाणी हळूहळू मातीत सोडायची. भिक्खूंना दिलेलं अन्न मेलेल्या माणसाला पोचतं, आणि त्या अन्नाला वाट दाखवतं ते हे पाणी. तिचा मुलगा सुलिया अठराव्या वर्षी मेकाँग नदीत बुडाला. बावीस वर्षं ती त्याला असं जेवू घालत होती. एक दिवस चुकला नव्हता.

तिची भाची मनिवोन गेस्टहाऊस चालवते. पहाटेची रांग बघायला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद करायचा म्हणून ती आजीकडे आली. आजीने हौसेने सांगितलं. खांदे झाका, रांगेपासून लांब राहा, बाईमाणसाने भिक्खूला शिवू नये, तोंडावर फ्लॅश मारू नका. शेवटी म्हणाली, "मोठ्या रस्त्यावर नुसती जत्रा असते गं. एखाददुसऱ्याला माझ्या दाराशी पाठव. इथे शांत आहे."

मनिवोनने तेही कागदावर लिहिलं. एखाददुसरा आला, त्याने दहा जणांना सांगितलं. वर्षभरात गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. सगळे खांदे मात्र झाकून यायचे. भिक्खूंना वाट मिळेना, तेव्हा मोठ्या भंतेंनी रांग टेकडीच्या पलीकडून न्यायला सुरुवात केली. मठही टेकडीवरच, पायऱ्या दोनशे, आणि आजीच्या गुडघ्यांना घरचा उंबरा जड.

"तो कागद फाड," रांग चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी आजी म्हणाली.

"फाडला, मावशी. पण आता तो लोकांच्या फोनमध्ये आहे. तिथून कसा फाडू?" मनिवोन रडवेली झाली. "भात माझ्याकडे दे. मी वर नेत जाईन."

"ने की. तुझं पुण्य तुला लागेल. पोर आईच्या हातचं ओळखतं."

"मग तुलाच उचलून नेऊ."

"रोज नेशील?"

मनिवोनला नऊ खोल्यांचा नाश्ता करायचा होता. ती गेस्टहाऊसकडे वळली.

दुसऱ्या दिवशी आजीने भात शिजवला, चटई टाकली आणि बसली. रांग आली नाही. समोर चार पाहुणे कागदात लिहिल्याप्रमाणे लांब आणि गुपचूप उभे होते. एकीने फ्लॅश न मारता आजीचा फोटो काढला. उजाडल्यावर तेही गेले.

भात गार झाला होता. आजीने सवयीने तांब्या कलता केला. दारातली माती ओली झाली, तेवढंच.

"तिसरा दिवस उपाशी आहेस," ती मातीकडे बघून म्हणाली. "तुझी वाट मीच सगळ्यांना दाखवली रे."