रफिकची हाक

मंचरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. वायरीत करंट आहे की नाही हे आमच्या धंद्यात टेस्टर लावून बघतात, अंगारा लावून नाही. त्यामुळे या पानावरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर बायकोला मोठ्याने वाचून दाखवत आलो, ते फक्त हसण्यासाठी. आज स्वतःच लिहायला बसलोय, तर ती म्हणाली, "आता लोक हसतील." हसू देत.

मला पक्ष्यांचा नाद आहे. थंडी पडली की आमचा व्हॉट्सॲप ग्रुप जागा होतो. कुणाला अवसरीच्या तळ्यावर बदकं दिसतात, कुणाला माळावर घिरट्या घालणारा भोवत्या पक्षी... लगेच फोटो, लगेच लोकेशन. या नादाला मला लावलं रफिकने. त्याचं जुन्नरला गाद्या-उशांचं दुकान. आम्ही कॉलेजपासूनचे मित्र, तो मला बाळ्या म्हणायचा. त्याचा आवाज असा होता, की बेल्ह्याच्या बाजारात तो गाद्या विकायला उभा राहिला की बैलांचे व्यापारीसुद्धा मान वळवून बघायचे.

'होता' म्हणतोय, कारण दोन वर्षांपूर्वी त्याला घशाचा कॅन्सर झाला आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. आता गळ्याला समोर एक भोक आहे, श्वास त्यातूनच. बोलणं नाही, कण्हणं नाही, साधी शिट्टीसुद्धा नाही. काही सांगायचं तर मोबाईलवर टाइप करतो. डॉक्टरांनी बजावलंय — पाण्यापासून लांब. गळ्यापर्यंत पाणी आलं, तर नाक वर असून उपयोग नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी उठलो तर रफिकचा मेसेज — 'येडगावला पट्टकदंब उतरलेत. मी निघालोय. ये.' पट्टकदंब म्हणजे हिमालय ओलांडून येणारा हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. मी चहासुद्धा न घेता गाडी काढली.

धरणावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं, पण धुकं इतकं की गाडीच्या बॉनेटपलीकडचं काही दिसत नव्हतं. नेहमीच्या बाभळीखाली रफिकची स्कूटर उभी. सीटवर दव साठलेलं. मी हाक मारली. अर्थात उत्तर येणार नव्हतं, पण तो टाळी वाजवतो. टाळी आली नाही. फोन लावला, स्कूटरच्या डिकीतच वाजला.

पाणी ओसरायला लागलं होतं, काठाला गाळ उघडा पडला होता. हा गाळ फसवा असतो. वरून वाळून भेगा पडलेल्या, खाली नुसतं लोणी. मी पाण्याच्या दिशेने भराभर चालायला लागलो. धुक्यात कुठेतरी हंस बोलत होते...

"बाळ्या, थांब! फुडं गाळ हाय!"

मी जागच्या जागी थिजलो. पाय उचललेला होता तो तसाच मागे घेतला, वाकून पुढची जमीन हाताने दाबली. हात कोपरापर्यंत आत गेला.

पण मला घाम फुटला तो गाळामुळे नाही. आवाज रफिकचा होता. भरदार, बाजारातला.

"डाव्या अंगानं ये. बांधावरनं."

मी विचार केला नाही. खरंच नाही केला. डावीकडे वळलो, चाचपडत बांध सापडला, त्यावरून धावलो. आणि बांधाच्या टोकाला, बेशरमाच्या झुडपांत, रफिक दिसला. छातीच्या वरपर्यंत गाळात. दोन्ही मुठीत बेशरमाच्या फांद्या, म्हणूनच टाळी नव्हती. मान मागे टाकलेली, आणि काळं पाणी गळ्याच्या भोकापासून चार बोटं खाली. डोळे माझ्यावर. तोंड उघडं, पण आवाज नाही.

मी पालथा पडलो आणि त्याच्या स्वेटरची कॉलर धरली. ओढायला गेलो की तो हलायचा आणि गाळातलं पाणी वर यायचं. सोडता येईना, ओढता येईना. मी त्याला म्हणत होतो, "हलू नको राव, हलू नको..." आणि मला माहीत होतं, मी एकटा त्याला काढू शकत नाही.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. एक बाई धुक्यातून धावत आली. पदर खोचलेला, खांद्यावर जाड दोराचं वेटोळं. "सरका भाऊ," म्हणाली. दोर रफिकच्या काखेखालून कसाबसा घातला आणि आम्ही दोघांनी बांधाला पाय रोवून, थांबत थांबत, त्याला ओढलं. एकदा पाणी भोकाला लागलंच. तो असा खोकला, की संपलं वाटलं. मग एकदम गाळाने त्याला सोडलं.

बांधावर तिघंही धापा टाकत बसलो. त्या बाईंचं शेत वरच्या अंगाला, त्या कांद्याला पाणी देत होत्या. मी म्हणालो, "ताई, दोर घेऊनच कशा आलात?"

"आता! तुमीच न्हाई का वरडला? 'ताई, दोर घेऊन पळा, मानूस गाळात हाय' म्हनून?"

"मी नाही ओरडलो."

"मंग ह्यांनी आसंल. लई मोठा आवाज व्हता." त्यांनी रफिककडे पाहिलं. मग त्याच्या गळ्याकडे. आणि पदर तोंडाला लावला.

रफिकला दवाखान्यात नेलं, छातीत थोडं पाणी गेलं होतं, चार दिवसांत घरी आला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने बराच वेळ टाइप केलं आणि मोबाईल माझ्यापुढे धरला. 'मी ओरडत होतो. फक्त ओठ हलत होते. पण हाका तुलाच मारत होतो. वर शेतात कुणी बाई आहे, हे मला माहीतच नव्हतं.'

माझ्या कानांचा भास समजू. घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. पण त्या बाईंनी रफिकचा आवाज जन्मात ऐकला नव्हता. दुसरा कुणी माणूस तिथे असता तर मदतीला आला नसता का?

मी त्याच्या घरी हे बोलत होतो तेव्हा त्याची बायको, शमीमभाभी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एरवी माझ्याशी मराठीत बोलतात. त्या दिवशी म्हणाल्या, "कैसी थी आवाज?"

"पहिल्यासारखाच, भाभी."

दुसऱ्या आठवड्यात रफिकचा मेसेज आला — 'ती म्हणते, तिला तिथं जायचंय.'

आम्ही तिघं पहाटेच गेलो. धुकं होतं, हंस मात्र निघून गेले होते. भाभी बांधाच्या टोकापर्यंत गेल्या, पाण्याकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "अजी, सुनते हो?"

रफिक त्यांच्या शेजारीच उभा होता. खाली बघत.

ऊन वर येऊन धुकं विरेपर्यंत त्या थांबल्या. काही आलं नाही. कुठूनतरी टिटवी ओरडली तेवढंच. मग रफिकने त्यांचा हात धरला आणि आम्ही गाडीकडे आलो.

कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. पण लिहाल ते मी आधी वाचेन, आणि मगच ठरवेन भाभींना सांगायचं की नाही.