अण्णांचा राखीव कॅमेरा

पाळण्याची कुई थांबते. दुपारी कधी नव्हे ती मुक्ता झोपलीय आणि केतकीला मात्र रडू येतंय. उद्या पहाटे धरणावर पक्षी टिपायला जायचं, बाळंतपणानंतर पहिल्यांदाच. तिचा स्वतःचा कॅमेरा ऐन वेळी दुरुस्तीला गेलाय. उरला तो अण्णांचा, वडिलांचा, राखीव. ते गेल्यापासून कपाटातच होता. सकाळपासून ती बटण दाबतेय आणि एकूण एक फोटो धुरकट. लेन्स बदलून झाली, बॅटरी बदलून झाली. बोंबललं उद्याचं जाणं! कॅमेरा हातात तसाच ठेवून ती उशीला मान टेकते. डोळे जड होतात.

"लेन्सचं टोपण काढलंयस ना?"

पाळण्यापलीकडे अण्णा बसलेत. अंगात बनियन, गळ्यात दुर्बीण.

"अण्णा, एवढं कळतं मला."

"मागे विसरली होतीस. अख्खा थवा गेला डोक्यावरून."

"दहावीत होते मी तेव्हा!"

पाळण्याची दोरी हाताला ओली लागते. ती होडीची दोरी आहे. स्वयंपाकघराच्या फरशीवर घोट्यापर्यंत पाणी, आणि ओट्यावर, कुकरशेजारी, एक रोहित पक्षी एका पायावर उभा. अण्णांना त्याचं काहीच वाटत नाही.

"वेड्या राघूवर तपासलास का आधी?"

हा त्यांचा जुना नेम. राखीव कॅमेरा घराबाहेर काढण्याआधी खिडकीसमोरच्या तारेवरचा वेडा राघू टिपून बघायचा. तो उडाला तरी किडा पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसतो.

"अहो, लेकराला बघू की राघूला? बिघडलाय तुमचा डबा."

"डबा म्हणू नकोस. अंगठा कुठंय तुझा?"

"आता अंगठ्याचं काय मधेच?"

"अगं, फोकस मी मागच्या बटणावर नेलाय. ते अंगठ्यानं दाबून धरायचं. वरचं बटण नुसता फोटो काढतं."

"आणि हे सांगितलंत कधी?"

"तू त्याला हात लावलास कधी?"

केतकीचा पारा चढतो. "इतक्या दिवसांनी आलात ते अंगठा विचारायला? नात तरी बघितलीत का?"

अण्णा होडीत वाकतात. तळाशी दुपट्यात मुक्ता झोपलीय. ते बघतच राहतात.

"अण्णा..."

"श्शू. हलू नकोस, फोटो हलेल." ते तिचा अंगठा धरतात आणि जोरात दाबतात. "असा."

मुक्ताच्या रडण्यानं ती दचकून उठते. फरशी कोरडी. कॅमेरा छातीशी, आणि अंगठा मागच्या बटणावर रुतलेला. तो सोडवून बघते, तर त्यावर बटणाचा गोल वळ उमटलाय.

पायानं पाळणा हलवत ती कॅमेरा खिडकीकडे धरते. अंगठा दाबते. तारेवरचा हिरवा राघू एकदम लख्ख होतो, चोचीतल्या माशीच्या पंखांसकट. टिक्.

राघू उडतो. तार हलत राहते.

"रडू नकोस गं," अंगठा न काढता ती मुक्ताला म्हणते. "इथंच येतो तो परत."