लिफ्टवाल्यांचं व्याख्यान

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळात पदव्या असलेली माणसं पुष्कळ होती, पण लोक यायचे ते लिफ्टवाल्यांचं बोलणं ऐकायला. दिवसभर ते इमारती-इमारतींमधून लिफ्ट दुरुस्त करत फिरायचे. दर महिन्याला एका संध्याकाळी अंगाला ग्रीसचा वास घेऊन वाचनालयाच्या गच्चीवर हजर व्हायचे. दुर्बीण लावता लावता त्यांची टकळी सुरू व्हायची.

"ही शनीची कडी लांबून कशी सलग दिसतात. जवळ गेलात तर नुसता बर्फाचा आणि दगडांचा चुरा. लांबून सगळंच घट्ट वाटतं, आमच्या मंडळासारखं."

रांगेतली माणसं हसायची. आमच्या अध्यक्षबाई दातांच्या डॉक्टर होत्या, त्या सगळ्यांत आधी हसायच्या. थंडीत कुडकुडणारी पोरंसुद्धा घरी जायचं नाव काढत नसत.

त्यांची बायको मात्र क्वचितच यायची. ती पडदे शिवायची. "दिवसभर सुईत डोळे घातल्यावर परत नळीत कोण घालणार?" असं म्हणायची. ते घरी उत्साहाने काही सांगायला लागले, की ती हं हं करत मशीन चालवत राहायची. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. ऐकणारे बाहेर खंडीभर होते.

मग एका सकाळी चहा घेताना त्यांच्या हातातला कप निसटला. "काय झालं?" असं बायकोने विचारलं, तर तोंडातून नुसतेच आवाज आले. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला. पायही बऱ्यापैकी सावरला. उजवा हात लुळा राहिला आणि शब्द गेले. म्हणजे अगदीच गेले असं नाही, भलतेच यायचे. पाणी हवं असायचं आणि तोंडातून 'खुर्ची' निघायची. चूक झालेली त्यांची त्यांना कळायची, हे सगळ्यात वाईट.

बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "डोक्यात सगळं शाबूत आहे. वाट तेवढी बंद झाली आहे. काही शब्द परत येतील. किती, ते मी नाही सांगू शकत."

चंद्रग्रहणाचा कार्यक्रम मंडळाने फार आधी जाहीर केला होता. आधी वाचनालयाच्या सभागृहात लिफ्टवाल्यांचं व्याख्यान, मग गच्चीवर दुर्बीण. आता दुसरा वक्ता बघू या, असं सांगायला अध्यक्षबाई त्यांच्या घरी गेल्या. त्या विषयाला हात घालायच्या आतच लिफ्टवाल्यांनी डावा हात छातीवर ठेवला आणि ते म्हणाले, "मी. मी."

बाईंनी बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, "रोज आरशापुढे उभे राहतात हो. पहिली दोन वाक्यं येतात नीट."

नाही कोण म्हणणार? बाई चहा पिऊन परत आल्या.

त्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. बरेच लोक पहिल्यांदाच आले होते, त्यांना आजारपणाचा पत्ता नव्हता. लिफ्टवाले इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. "आज चंद्र काळवंडणार आहे," ते म्हणाले. वाक्य स्वच्छ आलं. मागच्या ओळीत बायकोचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"त्याच्यावर सावली पडणार आहे. ती सावली..." ते थांबले. "ती सावली पायरीची."

सभागृह हसलं. यात कुणाचा दोष नव्हता. ते विनोद करतात हे जुन्यांना ठाऊक होतं आणि नव्यांनी ऐकलेलं होतं. लिफ्टवाल्यांनी जोरजोरात मान हलवली. "पायरी. नाही. पायरी." हशा आणखी वाढला, मग हळूहळू विरला. लोकांना काय ते उमगलं.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मदतीला धावले. "सूर्याची? ढगाची?"

ते नाही नाही म्हणून मान हलवत राहिले.

"पृथ्वीची?"

हो, हो, अशी त्यांनी मान डोलावली आणि डावा हात पुढे केला, जणू तो शब्द त्या गृहस्थांकडून हातात घ्यायचा होता. पण पुढचं वाक्य परत अडलं. आता चारही बाजूंनी लोक शब्द पुरवायला लागले, परीक्षेत कुजबुजून उत्तरं सांगावीत तसे. प्रत्येक शब्दाला लिफ्टवाल्यांचा चेहरा आणखी लाल होत गेला.

बायको पुढे आली खरी, पण पुढे येऊन ती काय करणार? नंतर तिने मला सांगितलं, "आठवडाभर तेच ऐकत होते मी. पण शब्द येतोय की नाही एवढ्यावरच माझा जीव टांगलेला. ते सांगतायत काय, तिकडे माझं लक्षच नव्हतं. असतं तर मीच बोलले असते दोन वाक्यं."

तिने त्यांचा दंड धरला. "चला, बसू या का?" ते बसले. उरलेलं अध्यक्षबाईंनी कसंबसं पुरं केलं. गच्चीवर तांबूस चंद्र छान दिसला. दुर्बिणीपाशी एका बाईने लिफ्टवाल्यांना, बहिऱ्याला विचारावं तसं मोठ्याने विचारलं, "बरे आहात ना आता?" ते हसले आणि बायकोच्या आधाराने जिना उतरले.

नंतर आम्ही दोघंतिघं त्यांच्याकडे गेलो. "व्याख्यान नको, नुसते दुर्बिणीजवळ बसा," असं म्हटलं. ते "नको" म्हणाले. हा शब्द त्यांना कधीच चुकत नाही.

कार्यक्रम चालू आहेत. नवे वक्ते पडद्यावर चित्रं दाखवतात आणि गर्दी वाढलीच आहे. लिफ्टवाल्यांवाचून काही अडलं नाही, हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

अलीकडे बायको दिवेलागणीला मशीन बंद करून त्यांच्याशेजारी गॅलरीत बसते. परवा मी गेलो होतो, तेव्हा समोरच्या इमारतीवर एक ठळक ठिपका उगवला होता.

"अहो, तो कोणता?" तिने विचारलं.

त्यांनी पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, हे चेहऱ्यावरून मलासुद्धा कळलं. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला नाव येत होतं. सांगावं की सांगू नये, ते मला ठरवता येईना.

"राहू द्या," ती त्यांना म्हणाली. "छान आहे."

त्यांनी मान डोलावली आणि ते तिकडेच बघत राहिले.