डिस्क सरकली तेव्हा

मी नववीत होते, चोपड्याजवळच्या आमच्या गावी. केळीचा घड उचलताना माझ्या वडिलांच्या, आबांच्या, पाठीत कळ आली आणि जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ''डिस्क सरकली आहे. महिनाभर लाकडी पलंगावर पडून राहा.''

नेमकं त्याच आठवड्यात शाळेतून पत्र आलं. धुळ्याच्या विभागीय स्पर्धेसाठी थाळीफेकीत माझी निवड झाली होती. पत्रात खेळाचं नाव 'डिस्कस' लिहिलेलं. मी मोठ्यानं वाचलं आणि आबांचा चेहराच उतरला.

''नको वं माय. तुनी बी डिस्क सरकी जाई.''

मी रडले, जेवले नाही. आई मध्ये पडली, पण आबा ऐकेनात. चिडून नाही, भीतीनं.

शाळेत इंग्रजीच्या बाईंनी माझे सुजलेले डोळे पाहिले आणि सगळं विचारून घेतलं. खेळाशी त्यांचा काही संबंध नव्हता. तरी रविवारी उन्हात एसटीनं त्या आमच्या घरी आल्या. आईनं पोहे दिले. बाईंनी हातातली डिश आबांना दाखवली.

''आबा, ही डिश, मुलांचं शाळेतलं डेस्क, तुमची डिस्क आणि हिची थाळी, सगळे शब्द एकाच घरातले. जुन्या ग्रीक भाषेत फेकायच्या गोल, चपट्या चकतीला दिस्कोस म्हणत. लॅटिनमधून तो इंग्रजीत आला. त्याच्यावरूनच खायची डिश झाली आणि लिहायचं डेस्कही.''

''मंग मनी पाठमा काय शे?''

''मणक्यांमधली मऊ गादी. आकार चकतीसारखा, म्हणून तेच नाव. हिच्या हातातली थाळी वेगळी. नीट शिकून फेकली तर पाठ उलट मजबूत होते.''

आबा पडल्यापडल्याच हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

''डिश, डेस्क, थाळी, बठ्ठं एकच नाव शे, आनि मी उगाच घाबरनू! जाय पोरी.''

धुळ्याला मी तिसरी आले. आबांना प्रवासाची मनाई होती, म्हणून माझ्यासोबत बाईच आल्या, मैदानाच्या कडेला छत्री धरून उभ्या राहिल्या. माझी पहिली फेक भोवतीच्या संरक्षक जाळीत अडकली तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा ''चालेल, चालेल!'' त्याच ओरडल्या.

पुढे मी इंग्रजी घेऊनच बी.ए. झाले. एखादा शब्द अडला की आजही आधी त्याचं घराणं शोधते. ही सवय बाईंची. त्यांचे आभार मानायला त्या वयात मला सुचलं नाही, म्हणून इथे मानते आहे.