तेलरंगाखालची भिंत

उज्जैन स्टेशन यायच्या बऱ्याच आधी मी पिशवी घेऊन डब्याच्या दाराशी उभी होते. जुनी भित्तिचित्रं साफ करणं हा माझा व्यवसाय. मामेबहीण सुनंदाताईच्या सासरच्या राममंदिरात मराठेशाहीतलं एक चित्र तेलरंगाखाली दडलंय, असं कळल्यापासून मला चैन नव्हतं. वरचा रंग काढायचा की नाही, हे मी संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

ताईला मात्र घाई नव्हती. टावर चौकात तिने माझ्या पोह्यांवर जीरावन (इथला चटकदार मसाला) भुरभुरवलं.

"पहले पोहे तो खा गं. भिंत कुठं भागून नाही जात."

मग तिने मला चौबीस खंबा या जुन्या वेशीपाशी नेलं. परमारांच्या काळातले म्हणतात ते खांब. त्यांच्यावरची नक्षी मी बोटांनी चाचपली. छिन्नी कुठे वळली ते हाताला कळत होतं. दारातल्या दोन्ही देवी मात्र चोल्याखाली (शेंदराचा थर) पार बुजल्या होत्या.

"खाली काय सुरेख कोरीवकाम असेल," मी चडफडले.

"असेल. पण लोक तर हिलाच ओळखतात ना," ताई म्हणाली.

गोपाळ मंदिराचे चांदीचे दरवाजे मी चालता चालताच पाहिले. ताई वेळ काढतेय, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

शेवटी आम्ही सासरच्या राममंदिरात आलो. भिंतीवर रामाचा राज्याभिषेक होता, रंग कॅलेंडरसारखे भडक. मी कोपऱ्यात औषधाचा बोळा फिरवला. नखाएवढ्या जागेत जुना हिरवा रंग उघडला आणि त्यावर पागोट्याची केसासारखी बारीक रेघ. माझे हात शिवशिवायला लागले. तशीच पुढे सरकत रामामागच्या चवरीवाल्यापाशी आले आणि थांबले. त्याला काळ्या काड्यांचा चष्मा होता.

"भावोजी?"

ताईने मान हलवली. "भिंत ह्यांनीच रंगवली. स्वतःला पण बसवून दिलं. पुढच्या साली गेले. घरात कोणाला समजलं नाही, मी पण नाही बोलले. आता तू बघ. मी अडवणार नाही."

तेवढ्यात तिचा धाकटा दीर दिगंबर आत आला.

"तो ताई, काम कब से चालू करायचं?" त्याने मला विचारलं.

आमच्या व्यवसायात भिंत अर्धवट सोडणं म्हणजे हसं करून घेणं.

"बाकीची भिंत उघडू या," मी म्हटलं. "हा चवरीवाला राहील."

"लोक पूछतील ना, रामाच्या दरबारात चष्मा कुठून आला?"

"सांगा, घरचा माणूस आहे."

दिगंबर भिंतीजवळ गेला, वाकून पाहिलं आणि रुमालाने त्या चष्म्यावरची धूळ पुसली. ताई बाहेर पायरीवर जाऊन बसली.

परतीच्या गाडीत मी सारखी जागा बदलत होते. जवळजवळ अख्खी भिंत उघडायला मिळणार होती, तरी त्या चवरीवाल्याखाली पूर्वी कोण उभं होतं, ते मला आता कधीच दिसणार नव्हतं. रतलाम येईपर्यंत मी तो जुना चेहरा मनात काढत राहिले, आणि दर वेळी त्याला चष्मा येत होता.