मामांचं पाणबुड्याचं घड्याळ

"किती वाजले?" असं विचारलं की मामा लगेच सांगत नसत. आधी खाकी बाही कोपरापर्यंत सारायची, मनगट उन्हात धरायचं आणि आपल्यालाच विचारायचं, "कुटली येळ पायजे? वरची का पान्यातली?"

सत्तरच्या दशकात भवानी पेठेतल्या एका चादरींच्या कारखान्यात मी कारकून होतो आणि मामा, म्हणजे सगळ्या कारखान्याचेच मामा, फाटकावर पहारेकरी. मूळचे नातेपुत्याकडचे, नाविक दलातून निवृत्त होऊन आलेले. ज्या पेठेत नळाखाली सकाळपासून घागरींची रांग लागायची, तिथं हा गृहस्थ समुद्राच्या तळाशी वापरायचं घड्याळ बांधून स्टुलावर बसायचा. तुम्हीही ते बघायला थांबला असता.

घड्याळ इतकं जाड की बाहीचं बटण लागायचं नाही. चावीसुद्धा आट्यांची, बाटलीच्या झाकणासारखी फिरवून घट्ट बसवायची. पट्टा जाड कापडी. तो अडकवायच्या दांड्या निघत नसत, त्या घड्याळाच्या अंगालाच जोडलेल्या. काटे रुंद, आकड्यांच्या जागी नुसते ठिपके. ते चमकतात हे दाखवायला मामा एकेकाला भर दुपारी सुताच्या गोदामात नेत आणि दार लोटून घेत. मालकांनाही नेलं होतं.

पाणी आत जात नाही यावर मी एकदा शंका काढली. मामांनी घड्याळ सोडलं आणि थेट माझ्या चहात बुडवलं. घड्याळ चालूच राहिलं. "आता तुमी कसा पिनार ह्यो?" असं म्हणत माझा चहा तेच प्याले.

त्यांचा खरा जीव होता काचेभोवतीच्या कड्यावर. त्यावर साठ मिनिटांच्या खुणा होत्या. चहाची सुट्टी झाली की मामा कड्यावरची मोठी खूण मिनिटकाट्यासमोर आणत. दहा मिनिटं भरली की घंटा. ते कडं एकाच बाजूला फिरायचं. का, म्हणून मी विचारलं.

"पान्याखाली कशाला धडकून कडं सरकलं, तर जास्तच येळ झाली असं दिसतं. मानूस लवकर वर येतो. उलटं फिरलं असतं तर हवा संपली तरी खालीच बसला असता की!"

आमचा नरसय्या मागावरचा सर्वांत चलाख विणकर आणि सर्वांत खोडकरही. त्याच्या मनात एकच आलं. मामा पाणबुडे होते तर एकदा बुडी मारून दाखवतील. त्याने मला आणि आणखी दोघांना कटात घेतलं. मीही आनंदाने सामील झालो. माझा चहा बाकी होता.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली की मालक सगळ्यांना शेतावर जेवायला नेत. त्या वर्षी विहीर चांगली भरलेली होती. जेवणं झाल्यावर नरसय्याने मामांना काठावर उभं केलं.

"मामा, होऊन जाऊ दे की एक बुडी!"

"मला पवायला येत न्हाय," मामा शांतपणे म्हणाले.

आम्ही इतके हसलो की एकाला उचकी लागली.

"मग पाणबुडे कसले तुम्ही?"

"मी कदी म्हनलो पानबुड्या हाय म्हनून? तुमीच म्हनला. मी जहाजावर सैपाकी."

नरसय्याला चेव चढला. "मग बघा पाणबुड्या कसा असतो," म्हणत तो लुंगी खोचून पाण्यात गेला आणि तळाची माती मुठीत घेऊन वर आला. पुन्हा गेला, पुन्हा आणली. मामा काठावर उकिडवे बसून सेकंदकाटा बघत होते.

तिसऱ्यांदा तो वर येईना.

"कुनीतरी उडी मारा," मामा म्हणाले.

"पंपाच्या पाइपाआड लपला असेल," कोणीतरी म्हणालं. नरसय्याच्या खोड्या आम्हाला ठाऊक होत्या. आम्ही दात काढत पाण्याकडे बघत राहिलो.

"दोनदा गेला तवा चाळीस सेकंदात वर आला. आता मिनिट झालं."

कोणी हललं नाही. मामांनी पंपाजवळचा दोर कमरेला बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "सोडू नगा सायेब." एवढंच म्हणाले आणि पाण्यात पडले. उडी नव्हती ती, पोतं पडावं तसे पडले. पंपाचा पाइप धरून, हातावर हात टाकत ते खाली गेले. माझ्या हातातला दोर सरकत होता. आत्ता कुठे बाकीच्यांना जाग आली आणि दोघांनी उड्या टाकल्या.

नरसय्याच्या लुंगीचा सोगा पाइपाच्या क्लॅम्पला अडकला होता. मामांनी लुंगीच ओढून सोडवली. नरसय्या वर आला तो निळा पडून, जन्मला तसा. त्या दोघांनी त्याला काठावर घेतलं, पालथा घालून पाणी काढलं. मामांना मी आणि मालकांनी दोराने ओढून काढलं. ते खोकत होते, नाकातोंडातून पाणी गळत होतं. तशातही त्यांनी मनगट वर केलं.

"पावनेतीन मिन्टं," म्हणाले आणि आडवे झाले.

नरसय्या शुद्धीवर आला तेव्हा अंगावर मालकीणबाईंची शाल होती. तो मामांचा हात धरून लहान मुलासारखा रडला. पुढे कितीतरी दिवस त्याने कोणाची खोडी काढली नाही, त्यामुळे कारखाना अगदी बेचव झाला होता.

परतताना टेंपोत मी मामांना विचारलं, "मग हे घड्याळ आलं कुठून?"

"वरनातनं."

एका पाणबुड्या साहेबाने हात धुताना ते स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं होतं. ते सटकून वरणाच्या पातेल्यात पडलं आणि वाढताना एका जवानाच्या ताटात आलं. साहेब इतका हसला की मामा निवृत्त झाले तेव्हा स्वतःच्या हाताने त्याने ते मामांच्या मनगटावर बांधलं.

"त्या दिशी समदे वरन मागून मागून जेवले," मामा म्हणाले.

पुढे नोकरी सोडून ते लेकीकडे गेले. उजनी धरणाचं पाणी नुकतंच वेशीपर्यंत चढलेल्या एका गावात. तिथंच एका हिवाळ्यात साध्या तापाने गेले, असं पत्र आलं.

त्याच्या आधी एकदाच मी त्यांना भेटायला गेलो होतो. लेक म्हणाली, पाण्यावर गेलेत. काठावर जाऊन बघतो तर मामा पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून पाण्यात हातपाय झाडत होते, आणि आठ-नऊ वर्षांची नात शेजारी माशासारखी पोहत त्यांच्यावर ओरडत होती, "पाय मार आज्जा, पाय! हात नुसता हलवू नगंस!"

मी हाक मारली. मामांनी मला ओळखलं, हसत हात वर केला आणि गुडुप झाले. नातीने डबा धरून त्यांना वर ओढलं. तोंडातलं पाणी फवाऱ्यासारखं उडवून ते माझ्याकडे बघत म्हणाले, "दोन हात येतंय आता!"